चौबळ बाईंनी सुधारलेली गाणी

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला तीन खिडक्या आहेत आणि तिन्हींतून लूमचा आवाज येतो. निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं हायस्कूल, भिंतीला भिंत लागून कारखाने. नवीन शिक्षकाचं पहिले दोन महिने डोकं उठतं, मग तो आवाज ऐकू येईनासा होतो. ग्रंथपाल यामिनी चौबळ यांना तो केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. उलट वीज गेली आणि लूम थांबले की त्या वाचता वाचता मान वर करून विचारायच्या, "काय झालं?"

मी शाळेत चित्रकला शिकवतो. सात वर्षांपूर्वी लागलो तेव्हा मला बसायला वेगळी खोली नव्हती, म्हणून बाईंनी ग्रंथालयातलं कोपऱ्यातलं टेबल दिलं. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बसतो. त्यांचं घराणं चार पिढ्या भिवंडीत; वडील कोर्टात कारकून होते. बाईंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, आणि नंतर एकट्या. नोकरीची पहिली अकरा वर्षं त्या अर्धवेळ ग्रंथपाल होत्या, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात सकाळच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत त्या तिथेच असायच्या.

त्यांचा एकच छंद म्हणा, ध्यास म्हणा, तो होता शुद्धलेखनाचा. सूचनाफलकावरची नोटीस वाचताना त्यांचा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे जायचा. पुस्तक परत करायला आलेल्या मुलाला त्या दोन वाक्यांत गोष्ट सांगायला लावत आणि बोलता बोलता सुधारत. "पानी नाही, पाणी. आयला नाही, आला." मुलं हसत हसत पुन्हा म्हणायची. एकदा मी म्हटलं, बाई, घरी बोलतात तसं बोलू द्या ना. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "अनिमेष सर, ही मुलं उद्या ठाण्याला कॉलेजात जातील. पहिलं वाक्य बोलली की वर्ग हसेल. मी तीस वर्षं बघतेय. हुशार मुलं शेवटच्या बाकावर जाऊन बसतात, तोंड उघडत नाहीत. ते व्हायला नको."

त्यात खोटं काही नव्हतं.

जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा असतो. त्या दिवसांत ग्रंथालयात प्रदर्शन, प्रकट वाचन, आणि मुलांनी तयार केलेलं हस्तलिखित, असं सगळं बाईच करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विषय दिला, 'आपल्या घरातला वारसा'. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून काहीतरी आणायचं. तेलुगू विणकराच्या घरातल्या मुलीनं मागावरचा धोटा आणला, कुणी खाडीतलं मासे धरायचं पाग आणलं, कुणी पितळेची तांब्याभांडी. आठवीतल्या उन्नती भोईरनं वही आणली.

उन्नती काल्हेरची. मीही काल्हेरलाच राहतो, नव्या सोसायटीत, त्यामुळे तिच्या घराची मला माहिती होती. त्यांच्या शेतावर आता गोडाऊनं उभी आहेत आणि जुन्या घराच्या जागी तीन मजल्यांची इमारत. तळमजल्यावर तिच्या वडिलांची, मनोजची, आत्या राहायची. हौसाबाई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. घरातलं लहानमोठं सगळं तिला 'आते' म्हणायचं. हौसाबाई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी जी बाई गाण्यांतून लावते ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. हौसाबाईला ते तिच्या आईकडून आले होते. गेली बारा-पंधरा वर्षं मात्र हळदीला बेंजो आणि डीजे आले, आणि तिला बोलावणं येईनासं झालं. मोबाईल समोर धरला की ती तोंड मिटून घ्यायची. म्हणून उन्नतीनं दिवाळीच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून, ती म्हणेल तसं पेन्सिलीनं लिहून घेतलं होतं. अकरा गाणी.

बाईंनी ती वही वाचली तेव्हा मी समोर होतो. त्यांचा चेहरा उजळला होता. "सर, हे बघा. आठवीतली मुलगी. हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसेल." मग त्यांनी लाल पेन उघडलं.

चार दिवस त्या वही घेऊन बसल्या. मन लावून केलं त्यांनी. 'माजी' चं 'माझी' झालं, 'न्हाय' चं 'नाही'. जिथं ओळीचा अर्थ लागेना तिथं त्यांनी अर्थ लावला, मात्रा कमी पडल्या तिथं शब्द घातला. मराठीच्या शिक्षकांनी नजर टाकून सही केली. मी मुखपृष्ठ रंगवलं. मलाही काही वावगं वाटलं नाही, हे सांगायला हवं.

उन्नतीला बाईंनी वही परत दिली आणि सांगितलं, "बाळ, चुका खोडून नीट पेनानं लिही, म्हणजे हस्तलिखितात उतरवणाऱ्या मुलींचा गोंधळ होणार नाही." उन्नती शहाणी मुलगी. तिनं खोडरबरानं सगळी पेन्सिल पुसली आणि त्याच ओळींवर निळ्या पेनानं, सुंदर अक्षरात, बाईंनी वर लाल पेनानं सुधारलेली ओळ लिहिली. अकराच्या अकरा गाणी.

कार्यक्रमाच्या दिवशी ग्रंथालयातली टेबलं बाजूला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. हौसाबाईला मनोज गाडीनं सोडून गेला. काठापदराचं नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली, कपाळावर गोंदण, सडपातळ, ताठ बसलेली बाई. बाईंनी तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शाल दिली. उन्नती माईकवर आली आणि हस्तलिखितातून वाचायला लागली.

"भांग भरूनिया होडीत बैसली,
नवरी माझी बाई सासरी चालली."

छान वाचलं पोरीनं. एकही अक्षर अडखळलं नाही. टाळ्या झाल्या. हौसाबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मुख्याध्यापकांनी तिला दोन शब्द बोलायची विनंती केली. ती उठली नाही, बसूनच म्हणाली, "पोरीनं चांगला वाचला. कुनाचा हाय ह्यो गाना?"

सगळे हसले. म्हातारी विनोद करते आहे असंच वाटलं. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचंच. आता तुम्ही म्हणून दाखवा."

हौसाबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज बारीक होता पण लांब जाणारा. पहिल्याच ओळीत 'होरी' आलं, होडीला आगरीत म्हणतात तसं, आणि मागे बसलेल्या मुलांत खुसखुस झाली. दुसऱ्या ओळीला कुणीतरी "न्हाय, न्हाय" अशी नक्कल केली. तिसऱ्या ओळीला ती थांबली. "घसा सुकला," म्हणाली. "आता नको." कुणीतरी मोबाईलवर घेतलेला तो तुकडा आजही आहे. तीन ओळी, आणि त्यांच्यावर मुलांचं हसू.

बाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. मी शालीची पिशवी घेऊन मागे होतो. जाता जाता बाईंनी विचारलं, "मावशी, काही चुकलं का आमचं?"

हौसाबाई थांबली. रागावलेली दिसत नव्हती. लहान मुलीला समजवावं तशी म्हणाली, "भांग म्हंजे डोक्याचा न्हाय गो बाय. खाडीचा भांग. अष्टमीला पानी जास्त येत न्हाय, जास्त जात न्हाय. उधानाला होरी आपटते. म्हून पोरीला भांगाचे पान्यान पाठवाची. माजे आयशीचा लगीन असाच झाला."

बाईंना उधाण माहीत होतं. त्याच्या उलट, अष्टमीच्या सुमाराला पाणी शांत असतं त्याला भांग म्हणतात, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. लग्नाचं गाणं म्हटल्यावर बाईंना नवरीचा भांग दिसला होता आणि त्यांनी तो कुंकवानं भरला होता.

"आणखी कुठे कुठे चुकलंय?" बाईंनी विचारलं.

"मना काय म्हाईत," हौसाबाई म्हणाली. "मी वलखलाच न्हाय."

त्या दिवशी बाईंनी हस्तलिखित घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उन्नतीला बोलावून मूळ वही मागितली, आणि तेव्हा कळलं की मूळ उरलेलं नाही. उन्नती गोंधळून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, खोडून लिही?" बाई म्हणाल्या, "हो, मीच."

त्यांनी ठरवलं की हौसाबाईंकडे जाऊन सगळं पुन्हा लिहून घ्यायचं. मनापासून ठरवलं होतं. पण फेब्रुवारीत तालुक्याच्या स्पर्धेत हस्तलिखिताला पहिला क्रमांक मिळाला आणि त्यातच चार-सहा दिवस गेले. मग दहावीची परीक्षा, पर्यवेक्षण, मग पुस्तकांची मोजदाद. "परीक्षा संपल्या की जाऊ," त्या मला म्हणायच्या. "तुमच्या मागे स्कूटरवर येईन." मीही हो म्हणायचो. मी तर रोज त्या इमारतीवरून जात होतो. एखाद्या संध्याकाळी गाडी थांबवणं मला अवघड नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हौसाबाईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आम्ही गेलो तेव्हा ती दवाखान्यातून घरी आली होती. अंजुरफाट्याच्या ट्रकांच्या रांगेत तास गेला. तळमजल्यावरच्या खोलीत खाटेवर हौसाबाई उशीला टेकून बसवलेली होती. तिनं आम्हाला ओळखलं. काही बोलू गेली आणि तोंडातून आलं, "न्हाय." पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले होते की कधी कधी एखादाच शब्द उरतो, आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो.

मनोज बाहेर आला. त्यानं खुर्च्या दिल्या, सरबत दिलं, मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू? रागवू नका. तुमच्या कार्यक्रमानंतर आते पोरीशी बोलायचीच कमी झाली. उन्नती तिला सुधारत बसायची. आते, न्हाय नको बोलू, नाही बोल. आम्ही हसायचो. आते पन हसायची. मग हलूहलू गप बसाया लागली."

उन्नती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आत निघून गेली.

परत येताना बाईंनी मला अंजुरफाट्याच्या पुलाजवळ स्कूटर थांबवायला सांगितली. उतरून त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. मला वाटलं चक्कर येतेय. पण त्या रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. बाजूनं कंटेनर जात होते. मी पाण्याची बाटली हातात घेऊन उभा राहिलो.

मे महिन्याच्या सुट्टीत बाई आठवड्यातून तीनदा काल्हेरला आल्या. रिक्षानं, ऊन डोक्यावर घेऊन. आधी त्यांनी उन्नतीकडून वही मागितली. उन्नतीनं आणून दिली आणि म्हणाली, "आता कशाला हवी?" तिनं बाईंशी इतक्या तुटकपणे बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पेन्सिल पुसली तरी कागदावर दाब राहतो. मी वहीची पानं उन्हात तिरकी धरली, शिसं अगदी हलकं फिरवून पाहिलं. निळ्या पेनाखाली कुठे दोन शब्द वर आले, कुठे अर्धी ओळ. बऱ्याच पानांवर काहीच नाही, कारण उन्नती नेटकी मुलगी होती आणि तिनं फार चांगलं खोडलं होतं. जे मिळालं ते घेऊन बाई हौसाबाईच्या खाटेशी बसायच्या आणि वाचायच्या.

ते ऐकणं अवघड होतं. आयुष्यभर ज्यांनी 'पानी' म्हणणाऱ्याला थांबवलं त्या बाई आता 'पानी' म्हणायला शिकत होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. त्या 'होरी' म्हणायच्या तर नाटकातलं वाटायचं. हौसाबाई ऐकायची. ओळ चुकली की म्हणायची, "न्हाय." बाई दुसऱ्या तऱ्हेनं म्हणायच्या. "न्हाय." तिसऱ्या तऱ्हेनं. कधी हौसाबाई दमून भिंतीकडे तोंड करायची. कधी डावा हात खाटेवर आपटायची. कधी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते गाण्यासाठी की रागानं, हे आम्हाला कळायचं नाही. ओळ बरोबर असली की ती काही म्हणायची नाही, फक्त डोळे मिटायची.

एका दुपारी बाई एका ओळीवर अडल्या होत्या. सात-आठ वेळा "न्हाय" ऐकून झालं होतं. उन्नती दारात आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तोडून बोलताय. ते असं नाय." आणि तिनं ती ओळ म्हटली, वाचली नाही, म्हटली. हौसाबाईनं डोळे मिटले. मग उन्नती खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. बाईंशी तिचं बोलणं त्यानंतरही बेताचंच राहिलं, पण ती रोज बसायला लागली.

सुट्टी संपेपर्यंत तीन गाणी पूर्ण झाली. दोन अर्धी. उरलेली सहा तशीच राहिली. ती उन्नतीलाही आठवत नव्हती. तिनं तेव्हा नुसतं भराभर उतरवून घेतलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाई रविवारी जात राहिल्या, पण हौसाबाईचं ऐकणंही कमी होत गेलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली.

तेराव्यानंतर बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. बाईंचं म्हणणं साधं होतं. हस्तलिखितात एक पान चिकटवायचं, त्यावर लिहायचं की ही गाणी हौसाबाई भोईर यांच्या शब्दांत नाहीत, ग्रंथपालांनी बदललेली आहेत, आणि जी तीन सापडली ती अशी आहेत. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, "बाई, बक्षीस मिळालेलं हस्तलिखित आहे. पाहुणे आले की आपण ते दाखवतो. त्यात आपणच लिहायचं की हे चुकीचं आहे? आणि चुकीचं काय आहे त्यात? शुद्ध तर आहे."

बाईंनी तरीही पान चिकटवलं. महिन्याभरानं ते काढलेलं होतं. कुणी काढलं हे बाईंनी विचारलं नाही. हस्तलिखित आता ऑफिसातल्या काचेच्या कपाटात असतं आणि किल्ली ऑफिसात असते.

वाचनाच्या तासाला बाईंची पद्धत बदलली. मूल काही वेगळं बोललं की त्या विचारतात, घरी काय म्हणतात, आणि फळ्यावर दोन्ही शब्द लिहितात. मुलांना मजा वाटते. पण पालकसभेत तक्रार आली, आणि ती करणाऱ्यांत मनोजही होता. "मॅडम, आतेचं केलंत त्याबद्दल आम्ही तुमचे उपकार मानतो," तो म्हणाला. "पण पोरीला बोर्डाचा पेपर लिवायचाय. तिथं न्हाय लिवलं तर मार्क कोन देईल?" घरी जाताना त्या मला म्हणाल्या, "तीस वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होते. तो बरोबर बोलतोय, सर. आणि तरी ते बरोबर नाही. मला अजून नीट मांडता येत नाही." या मे महिन्यात त्या निवृत्त होतील. नंतर काय करणार असं विचारलं तर म्हणतात, बघू.

गेल्या डिसेंबरात मनोजच्या धाकट्या भावाचं, प्रितेशचं लग्न झालं. हळदीला आम्हा दोघांना आमंत्रण होतं. मोठा मांडव, बेंजो, रंगीत दिवे. घरातल्या जुन्या बायकांनी हट्ट धरला म्हणून अंबाडीहून एक धवलारीण बोलावली होती, सीताबाई नावाची. बेंजोवाल्यांना अर्धा तास थांबायला सांगून तिनं हळद लावायला घेतली आणि गायला लागली. खुर्च्यांवरची तरुण मंडळी मोबाईल बघत होती. उन्नती, आता दहावीत गेलेली, बाईंशेजारी येऊन बसली.

सीताबाईचं गाणं वेगळं होतं. चालही वेगळी. मधेच एका ओळीला उन्नतीनं मान वर केली आणि म्हणाली, "आते हितं वेगला बोलायची."

बाई तिच्याकडे वळल्या. उन्नती ओठ हलवत राहिली, एकदा, दोनदा, कपाळाला आठी घालून. मग ओळ आठवेना तशी तिनं नुसतीच मान हलवली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी सीताबाईचं गाणं संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.